कॉम्प्युटरला लिक्विड कूलर लावून अकरा महिने झाले, नवतपाही (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) काढला, आता लिहितो

हिंगणघाटजवळच्या खेड्यात राहतो, घरच्याच पुढच्या खोलीत लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम चालते. मशीनमध्ये प्रोसेसर रायझन 7 5800एक्स, त्यावर आधी दोन हजाराचा सिंगल टॉवर एअर कूलर (पत्र्यांचा ठोकळा अन् त्यावर एक फॅन) होता. हिवाळ्यात त्याची काहीच तक्रार नव्हती, पण लग्नाचा सीझन एप्रिल-मे मध्ये आणि तेव्हाच दुपारी खोलीत 39-40, मग मोठ्या फिल्मचं रेंडर (म्हणजे एडिट झालेल्या फिल्मची शेवटची फाइल बनवणं) लावलं की प्रोसेसर पाच-दहा मिनिटात 90 डिग्री. 90 ही या प्रोसेसरची वरची मर्यादा आहे, तिथं पोचला की तो आपोआप स्पीड कमी करतो, माझा 4.4 गिगाहर्ट्झवरून 4.1 वर यायचा आणि फॅनचा आवाज इतका की हेडफोन लावूनही ऑडिओ मिक्स करता येत नव्हता. दोन उन्हाळे मी रात्री बारानंतर रेंडर लावून काढले, त्यातही गावठाण फिडरची लाइन जास्त वेळ गेली की यूपीएस दम सोडायचा आणि सगळं परत पहिल्यापासून.

जानेवारीत नागपूरच्या बर्डीवरून 240 मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर आणला, साडेसहा हजाराला. बसवताना एक गोष्ट घडली ती आधी सांगतो, काहून की एएम4 सॉकेटवाल्या (माझा प्रोसेसर त्याच सॉकेटात बसतो) सगळ्यांनाच हा धोका आहे. जुना टॉवर सरळ वर ओढला तर प्रोसेसर अन् कूलरच्या मधल्या वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून आला, खाली 1331 पिना, सगळ्या उघड्या. नशीब एकही वाकली नाही, पण मी दहा मिनिटं हात न लावता नुसता बसून होतो. तुम्ही असं करू नका, आधी मशीनवर पंधरा मिनिटं लोड टाकून पेस्ट गरम होऊ द्या, मग मशीन बंद करून कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. दुसरं म्हणजे पंपाची वायर पंपाच्या पिनवर लावली आणि सीपीयू फॅनची पिन रिकामी राहिली तर मशीन चालू होताना फॅन एरर देते, रेडिएटरच्या फॅनची वायर तिथं लावली की झालं.

आईनं नळ्या पाहिल्या अन् विचारलं, "काहून रे बापू, यातही रोज पानी टाका लागते का?" गावातले बाकीचेही हेच विचारतात. तर नाही, हे सीलबंद असते, पाणी टाकायचं काम नाही. आणि मुख्य फरक इथंच आहे. आपला डेझर्ट कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो, म्हणून बाहेर 45 असलं तरी आत गारवा. लिक्विड कूलरमध्ये वाफ होतच नाही, आतलं पाणी आणि ग्लायकॉल प्रोसेसरची उष्णता उचलते, पंप ते रेडिएटरपर्यंत नेतो आणि तिथं फॅन खोलीचीच हवा मारतो. म्हणजे खोली 40 ला असेल तर हा त्याच्या खाली कधीच जाणार नाही, अन् खोली एक डिग्री तापली की प्रोसेसरही जवळपास एक डिग्री वर.

मग फायदा किती? खोली 39 ला असताना तेच रेंडर आता 84-85 वर चालते आणि स्पीड 4.4 च्या खाली येत नाही. दोन तासाच्या रेंडरला दहाएक मिनिटं वाचतात, त्याहून जास्त नाही. यापेक्षा मोठा फरक मला अपेक्षित होता, पण या प्रोसेसरचे आठही कोर सुमारे 80 चौरस मिलिमीटरच्या एकाच तुकड्यात आहेत, एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर काढणं कोणत्याच कूलरला सोपं नाही. मात्र आवाज निम्म्यावर आला आणि नवतप्यात मी भर दुपारी काम केलं, माझ्यासाठी पैसे तिथंच वसूल. टेस्ट करायची असेल तर पाच मिनिटाच्या टेस्टवर जाऊ नका, पाणी तापायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात, खरा आकडा त्यानंतर दिसतो.

आणखी एक, मे मध्ये मी डेझर्ट कूलर खिडकीत बसवला, कॅबिनेटपासून लांब, तोंड दुसरीकडे. खोली 34 वर आली अन् प्रोसेसर 80 वर. म्हणजे लिक्विडनं जेवढं उतरवलं जवळपास तेवढंच खिडकीतल्या कूलरनं उतरवलं. फक्त ओली हवा सरळ कॅबिनेटवर घेऊ नका, धूळ चिकटून जाळीवर चिखलासारखा थर बसतो.

कापसाचा मात्र लय त्रास. आमच्या रस्त्यावर जिनिंग आहे, हवेत रुई उडतच राहते. सुरुवातीला रेडिएटर कॅबिनेटच्या पुढं लावला होता, फेब्रुवारीत उघडून पाहिलं तर पत्र्याच्या फटीत रुईची गादी, नखानं सोलून निघाली, अगदी निरंजनातल्या वातीसारखी पिळलेली. तेव्हापासून रेडिएटर वरच्या बाजूला, हवा बाहेर फेकणारा, आणि पुढं फक्त धुता येणारी जाळी. असं केल्यानं ग्राफिक्स कार्डची गरम हवा रेडिएटरमधून जाते, दोन-तीन डिग्री वाढतात, ते मला चालते. पंपातला खळखळ आवाजही वर लावल्यावरच गेला, हवेचा बुडबुडा रेडिएटरमध्ये वर जाऊन बसतो. मागच्या स्लॉटची उघडी फट मी बारीक जाळीनं बंद केली, उंदरानं नळी कुरतडली तर सगळंच संपलं.

ज्याला आत्ता खर्च करायचा नाही त्यानं आधी बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) '65 वॅट' नावाचा, वीज कमी ओढणारा इको मोड लावून पाहा, प्रोसेसर 142 ऐवजी 88 वॅटच ओढतो, रेंडर थोडं हळू होते पण साधा टॉवरही उन्हाळा काढतो.

जुना टॉवर विकला नाही. एअर कूलरचा फॅन मेला तरी मशीन कसंतरी चालते, पंप मेला तर काही मिनिटातच 90, आणि ऐन मुहूर्ताच्या दिवसात नागपूरला जाऊन येणं म्हणजे एक दिवस गेला. म्हणून टॉवर, बोर्डावरचे ते काळे ब्रॅकेट, चार स्क्रू आणि पेस्टची एक ट्यूब पिशवीत बांधून कपाटावर ठेवली आहे.