फवारणीचे सुरक्षा किट: पुढून झाकलेले, पाठीमागून उघडे

यंदा कपाशीच्या फवारणीसाठी तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रातून साडेतीनशे रुपयांचे सुरक्षा किट घेतले. त्यात टोपी, चष्मा, मास्क, हातमोजे आणि गळ्यात अडकवायचा प्लास्टिकचा अ‍ॅप्रन मिळतो.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तरी विष केवळ नाकातोंडातून जाते हा समज आपल्या भागात अजून टिकून आहे. प्रोफेनोफॉससारखी कीड मारण्याची औषधे जखम नसलेल्या कातडीतूनही शरीरात मुरतात. शिवाय कातडी सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावरील जुन्या प्रयोगात कोपराखालच्या हाताच्या तुलनेत कपाळातून सुमारे चौपट, तर अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ बारापट औषध शोषले गेले होते. किटची परीक्षा याच हिशेबाने करायला हवी.

टोपी आणि चष्मा चांगले आहेत. कपाशी छातीच्या वर गेली की त्यांचे मोल कळते. हातमोजे मात्र पातळ रबराचे व मनगटापुरतेच आहेत. बाटलीतले दाट औषध पाण्यात मिसळण्याचे काम सर्वांत धोक्याचे असते आणि त्यातील द्रावक पातळ रबरातून पार होऊ शकतो, म्हणून तेथे कोपरापर्यंतचे जाड नाइट्राइलचे (रसायनांना तोंड देणाऱ्या कृत्रिम रबराचे) मोजेच हवेत. (मध्येच मोजे काढून त्याच हाताने खर्रा तोंडात टाकणाऱ्याला कोणतेही किट वाचवणार नाही.)

खरी उणीव अ‍ॅप्रनची आहे. तो पोट झाकतो, परंतु पाठीवरचा पंप झाकणाजवळ गळतो तेव्हा ओली होते ती पाठ, आणि ओळींतून चालताना भिजलेल्या पानांनी ओल्या होतात त्या मांड्या व जांघा. म्हणजे जिथून विष सर्वाधिक शिरते तो भागच उघडा राहतो. भादव्याच्या दमट उन्हात घामेजलेली कातडी औषध आणखी लवकर शोषते.

टोपी-चष्म्यासाठी किट घ्यावे, पण अ‍ॅप्रनऐवजी रेनकोटची पॅन्ट घालावी, पाठ आणि पंप यांच्यामध्ये जाड पन्नी बांधावी आणि झाकणाचा वॉशर हंगामाआधीच बदलून घ्यावा. दुकानदाराने नाइट्राइलचे मोजे सुटे विकायला ठेवले, तर बरेच ग्राहक अख्खे किट घेणारही नाहीत.