समोरची काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये की बाहेर?

एडास (आपोआप ब्रेक लावणं, लेन सांभाळणं अशी चालकाला मदत करणारी यंत्रणा) असलेल्या गाडीची समोरची काच बदलली की आरशामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, करून घ्यायलाच हवं. काच बसवणारा "वॉर्निंग लाइट नाही, म्हणजे सगळं ठीक आहे" म्हणाला, तरी त्यावर विसंबू नका. कॅमेरा किंचित तिरका बसला तर ते गाडीला स्वतःहून कळेलच असं नाही. डावी-उजवीकडे एका अंशाचा फरक पडला तर १०० मीटरवर तो जवळजवळ पावणेदोन मीटर होतो. महामार्गावरची लेन साडेतीन मीटरची. म्हणजे तुमच्या लेनच्या मधोमध चाललेला ट्रक कॅमेऱ्याच्या हिशेबात थेट पट्टीवर जातो. मग ब्रेक नको तेव्हा लागतो, किंवा हवा तेव्हा लागत नाही.

काम दोन पद्धतींनी होतं. स्टॅटिक पद्धतीत गाडी सपाट फरशीवर उभी करून, अंतर मोजून समोर टार्गेट बोर्ड लावतात आणि स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र) जोडून कॅमेऱ्याला तो बोर्ड ओळखायला लावतात. त्यासाठी पुरेशी मोकळी जागा आणि सारखा उजेड लागतो, टायरमधली हवा बरोबर असावी लागते आणि डिकी रिकामी. डायनॅमिक पद्धतीत स्कॅनर जोडून ठरलेल्या वेगाने रस्त्यावर गाडी चालवतात. बोर्डाची गरज नाही, पण ठळक पट्ट्यांचा, फार गर्दी नसलेला रस्ता हवा. समृद्धी महामार्गावर हे जमेल. पट्ट्या पुसलेल्या शहरी रस्त्यावर, त्यात जुलैच्या पावसात, तासभर फिरूनही काम अर्धवट राहू शकतं. काही गाड्यांना दोन्ही पद्धती लागतात. टेस्ला चालता चालता स्वतःच कॅलिब्रेट होते, बहुधा ३२ ते ४० किलोमीटरमध्ये. १६० किलोमीटर झाले तरी पूर्ण झालं नाही तर सर्व्हिसला कळवायचं.

मात्र पद्धत निवडणं आपल्या हातात नाही. ती गाडीच्या कंपनीने मॉडेलप्रमाणे ठरवलेली असते. आपण ठरवायचं ते ठिकाण.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे त्या मॉडेलचे बोर्ड आणि ताजं सॉफ्टवेअर असण्याची शक्यता जास्त, आणि पुढे वॉरंटीचा वाद निघाला तर कागद तुमच्या बाजूने असतो. पण नंबर लागायला वेळ जातो, बिलही सहसा मोठं. शिवाय प्रत्येक शाखेत सोय असतेच असं नाही. गाडी दुसऱ्या शाखेत न्यावी लागणार का, हे काच काढण्याआधीच विचारा.

बाहेरच्या काचवाल्याकडे काम लवकर होतं आणि स्वस्तात. धोका दोन ठिकाणी आहे. एक, काच. कॅमेऱ्याचा ब्रॅकेट काचेवरच चिकटवलेला असतो. तो जरा वेडावाकडा असला किंवा कॅमेऱ्यासमोरच्या भागात काच लहरदार असली, तर कॅलिब्रेशन पूर्णच होत नाही. दुसरा, जागा. चिंचोळ्या गाळ्यात स्टॅटिक काम नीट होणं शक्य नाही, कारागीर कितीही हुशार असो.

माझं मत स्पष्ट आहे. गाडी वॉरंटीत असेल किंवा तिला स्टॅटिक लागत असेल, तर जास्त पैसे गेले तरी सर्व्हिस सेंटर गाठा. फक्त डायनॅमिक लागत असेल आणि बाहेरचा माणूस तुमच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर स्कॅनरवर दाखवत असेल, तर बाहेर करायला हरकत नाही. दोन्हीकडे कामाआधीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट मागा. तो देत नसतील तर दुसरीकडे जा. काच विम्यातून बदलत असाल तर कॅलिब्रेशनचा खर्च एस्टिमेटमध्ये वेगळा लिहून मंजूर करून घ्या, नाहीतर तो खिशातून जाण्याची शक्यता आहे.

नवीन काचेवर फास्टॅग लावताना तो कॅमेऱ्याच्या नजरेच्या आड येणार नाही हे बघा. बरेच जण सवयीने आरशामागेच चिकटवतात. आणि व्हील अलाइनमेंट बाकी असेल तर ते आधी उरका. गाडी सरळ कुठे धावते ते चाकांवर ठरतं आणि कॅमेरा त्याच रेषेला धरून लावायचा असतो. उलट क्रमाने केलं तर कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागू शकतं.