सेकंडहँड मिराफोन १८६ ट्युबा, आठ महिन्यांनंतर (आणि त्याआधी केलेला गाढवपणा)

आधीच सांगते, मी काही प्रोफेशनल नाही. म्युनिकजवळच्या एका गावात राहते, ऑफिस सांभाळून गावच्या ब्लासकापेलेत (म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या बँडमध्ये) ट्युबा वाजवते, गुरुवारी प्रॅक्टिस आणि उन्हाळ्यात बिअर गार्डनमध्ये पॉलका, म्हणजे नाचाची गाणी. आई अजून फोनवर विचारते "तो वरातीतला भोंगा का गं?" वरातीत अंगाभोवती वेटोळं घालून वाजवतात तो सूसाफोन, हा मांडीवर घेऊन बसायचा, पण दोघं चुलत भाऊच.

पहिला ट्युबा ऑनलाइन घेतला होता. ब्रँडचं नाव नको, नवाकोरा, तीन व्हॉल्व्हचा, थ्री-क्वार्टर साइझ, म्हटलं हलका आहे स्वस्त आहे अजून काय पाहिजे. महिन्याभरात शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा दर पॉलकात माझ्याकडे वळून बघायला लागले. झालं काय होतं, तर पॉलकात ट्युबाचं काम म्हणजे सा आणि खालचा प, सा आणि खालचा प, रात्रभर तेच, अगदी तानपुराच समजा. आमची अर्धी गाणी बी फ्लॅटमध्ये, म्हणजे तो मंद्र पंचम आला एफ, आणि तीन व्हॉल्व्हवर तो पहिला आणि तिसरा एकदम दाबून काढावा लागतो. व्हॉल्व्ह दाबला की हवा जास्तीच्या नळीतून फिरते आणि सूर उतरतो, पण प्रत्येक व्हॉल्व्हची नळी एकट्याच्या हिशोबाने कापलेली असते, दोन एकत्र दाबले की एकूण लांबी थोडी कमी पडते आणि सूर चढतो. तानपुऱ्याचा पंचमच चढा लागला तर वर कोणी काय गाणार! चौथा व्हॉल्व्ह एकट्याने तेच काम करतो आणि त्याची नळी बरोबर जुळवता येते. हे एवढं कळायला मला चार महिने आणि १४०० युरो लागले.

मग हा १८६ घेतला, चार रोटरी व्हॉल्व्ह, बी फ्लॅट, फोर-फोर म्हणजे पूर्ण साइझ, ३२०० युरोला. (इथे बी फ्लॅटला नुसतं 'बे' म्हणतात आणि आपल्या बीला 'हा', पहिले दोन आठवडे मी चुकीचाच सूर वाजवत होते.) मिराफोनचा कारखाना वाल्डक्राइबुर्गला, म्हणजे इथून जवळच, त्यामुळे दुरुस्ती करणारे आणि सुटे भाग सहज मिळतात, सेकंडहँड घेताना हा मुद्दा माझ्यासाठी मोठा होता. ट्युबा वेगवेगळ्या मूळ सुरांचे मिळतात, त्यातला एफ घेऊ का सी असं विचारणाऱ्यांना एकच सांगते, शेजारची खुर्ची काय वाजवते ते बघा. अमेरिकन ऑर्केस्ट्रात सी चालतो, ब्रिटिश ब्रास बँडमध्ये ई फ्लॅट आणि बी फ्लॅट, इथल्या गावच्या बँडमध्ये बहुतेक बी फ्लॅटच.

घेताना आजोबांना सोबत नेलं. त्यांनी बेलवरच्या (पुढच्या रुंद तोंडावरच्या) पोच्यांकडे ढुंकून पाहिलं नाही, माउथपीसच्या पुढची बारीक नळी मात्र बोटाने चाचपत बसले, कारण पोचा तिथे असला तर वाजवताना खरंच जाणवतो. मग एकेका व्हॉल्व्हची स्लाइड (सरकणारी नळी) व्हॉल्व्ह न दाबता बाहेर ओढली आणि नंतर व्हॉल्व्ह दाबला, पॉक असा आवाज आला की हवा धरून ठेवतोय. तिसऱ्याचा आवाज जरा मरतुकडा होता. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं तेल घातलं नसावं, साफ करून रोटर ऑइल घातल्यावर तोही पॉक वाजायला लागला, आता आठवड्याला दोन थेंब घालते.

आवाजाबद्दल तक्रार शून्य. खालचा एफ आता खुर्चीतून जाणवतो. वजनाबद्दल मात्र आहे, नऊ किलोच्या आसपास भरतो, पाठीवर घेऊन लोकलमध्ये चढले की मी दोन माणसांची जागा अडवते आणि लोक बघत राहतात. पाणी काढणं हा वेगळाच व्यायाम, चौथ्या व्हॉल्व्हच्या नळीत साठतं आणि अख्खं धूड गोल फिरवल्याशिवाय निघत नाही. रात्री दहानंतर बिल्डिंगमध्ये शांतता पाळावी लागते म्हणून प्रॅक्टिस म्यूट (आवाज दाबणारं बूच) घेतला, पण त्यात खालचे सूर गुदमरतात, नसता घेतला तरी चाललं असतं.

हो, माउथपीस! जुन्याचा यात नको तितका आत जात होता, कारण युरोपियन शँक (माउथपीसचा नळीत जाणारा दांडा) अमेरिकनपेक्षा जाड असतो. ८० युरो अजून गेले. जुना ट्युबा अजून कपाटावर पडून आहे, आजोबा म्हणतात त्यात झाड लाव.