काळे ठिपके आणि साडेनऊ हजार रुपये
परवा शेजारच्या वहिनी सांगत होत्या, वडगावात पलीकडच्या गल्लीत दोघेजण हातात भिंतीची ओल मोजायचं पिवळं मीटर घेऊन दारोदार फिरतायत. ऐकून पोटात गोळाच आला. म्हणून लिहायला बसले.

आमचं घर जुनं, मातीत बांधलेल्या विटांचं. पुढच्या खोलीत पूर्वी माग होता, आता तिथं सासूबाईंची खाट. आषाढातला बेळगावचा पाऊस काय सांगायचा, चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. यंदा कपाटाच्या आड भिंतीवर काळे ठिपके उठले आणि खाली जमिनीलगत कापसासारखा पांढरा थर. वास तर असा, की भिजलं पोतं कुणी घरात टाकलंय.

अशात तसलंच पिवळं मीटर घेतलेला एकजण दारात आला. बोलणं आमच्यासारखंच, मध्येच फोनवर कन्नड. "आक्का, मी खानापूरचाच की." मीटरच्या दोन सुया त्या पांढऱ्या थरात टोचल्या. तांबडा दिवा, टीं टीं टीं. "विषारी काळी बुरशी आहे, आजीच्या छातीत बसेल बघा." सासूबाईंना दमा. झालं, माझी अक्कल तिथंच गहाण पडली. १४,००० सांगितले, आजच्या आज दिले तर ९,५००, वर दहा वर्षांची गॅरंटी. पैसे फोनवरून गेले ते कुठल्याशा बाईच्या खात्यात. तेव्हासुद्धा मला काही खटकलं नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

काम दीड तासात उरकलं. वरच्या ठिपक्यांवर ब्लीचचं पाणी फवारलं, खालच्या पांढऱ्यावर टाइल्स धुवायचं ॲसिड ओतलं. ब्लीचचा ओघळ खाली आला तसा असा वास सुटला की डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. सासूबाईंना खोकल्याची उबळ थांबेना, त्यांना अंगणात आणून बसवलं. तो हसत म्हणतो, "औषध काम करायलंय." औषध कसलं! ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. डॉक्टरांनी वाफ दिली आणि मला चांगलं फैलावर घेतलं. तोवर इकडे त्या ओल्या भिंतीवर पांढरा रंग फासून झाला होता.

गौरी-गणपतीला पाहुणे यायच्या आत रंगाला फोड आले. एक नखानं फोडला तर आतून तपकिरी पाणी आणि मागे तेच काळं. फोन आधी "उद्या येतो", मग बंद. कार्डावरच्या टिळकवाडीच्या पत्त्यावर गेले, तिथं शिलाईचं दुकान. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावला. त्यांनी दुकानाचं नाव आणि बिल विचारलं. बिल मी मागितलंच नव्हतं.

शेवटी ओळखीच्या गवंडीमामांना बोलावलं. त्यांनी भिंतीकडे बघितलंही नाही, आधी बाहेर जाऊन शिडी लावली. पन्हाळीचा सांधा सुटलेला, सगळं पाणी त्याच भिंतीवर. मग आत येऊन खालच्या पांढऱ्यावर पाण्याचे चार थेंब टाकले, ते विरघळलं. "ही बुरशी न्हवं गं पोरी, लोणा हाय, भिंतीतलं मीठ. मिठावर असलं मीटर वरडतंयच." आणि काळ्या रंगावरून बुरशी कसली ते कुणालाच सांगता येत नाही, हे डॉक्टर आधीच म्हणाले होते.

पन्हाळ ४५० रुपयांत झाली, मजुरी ७००. पोपडे खरवडून काढले. ठिपके होते हातभर, ते मी स्वतः साफ केले: सासूबाईंना नणंदेकडे पाठवून, खिडक्या उघडून, एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. जागा आधी ओली करून घेतली, कोरडी घासली तर बुरशीची धूळ घरभर उडते. मग साबणाचं पाणी, ब्रश, आणि फडकी थेट पिशवीत बांधून कचऱ्यात. अख्खी भिंत काळी असती तर मी हात घातला नसता.

कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढं ओढलंय. रंगाला मामा अजून हो म्हणत नाहीत, उन्हाळा लागू दे म्हणतात. तोवर विटा उघड्याच. दिवाळीत पाहुण्यांनी विचारलं तेव्हा सासूबाईंनीच सांगून टाकलं, "साडेनऊ हजाराची भिंत हाय ती, नीट बघून घ्या."