प्लांटेड टँकसाठी फिल्टर : स्पंज, हँग-ऑन की कॅनिस्टर?

सॉईल, लाईट, रोपांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर हे सगळं ठरलं की प्लांटेड टँकवाल्याचं, म्हणजे खरी रोपं लावलेला माशांचा टँक ठेवणाऱ्याचं, घोडं फिल्टरपाशी अडतं. स्पंज (एअर पंपाच्या बुडबुड्यांवर चालणारा), हँग-ऑन (टँकच्या काठावर टांगायचा) आणि कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला बंद डबा) हे तिन्ही प्रकार मी नाशिकच्या घरी चालवले आहेत. सध्या तीन फुटी, सुमारे १३० लिटरचा, वरून उघडा टँक आहे. खाली लिहिलंय ते त्या अनुभवावरून. कोकणातल्या दमट हवेत हिशोब कदाचित वेगळा लागेल.

स्पंजमध्ये फिल्टर म्हणून खोट काढावी असं काही नाही. जिवाणूंना भरपूर जागा मिळते, श्रिम्पची पिल्लं ओढली जात नाहीत आणि लाईट गेली तरी चार्जिंगच्या एअर पंपावर तो चालू राहतो. सीओटू न देता क्रिप्टो, अनुबियास, मॉस एवढीच रोपं लावणार असाल, तर बेलाशक स्पंज घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या लाईटवर घाला. सीओटू देणार असाल तर मात्र बुडबुडे दिवसभर पाणी घुसळतात आणि विकत आणलेला वायू हवेत जातो.

खरा पेच हँग-ऑन आणि कॅनिस्टरमध्ये आहे.

हँग-ऑन कॅनिस्टरपेक्षा बराच स्वस्त पडतो. मीडिया (फिल्टरमध्ये भरलेलं गाळायचं साहित्य) पाच मिनिटांत धुऊन होतो, पाण्यावरचा तेलकट थर आपोआप मोडतो. टँक काठोकाठ भरलेला असताना त्याचं पाणी अलगद सरकत आत उतरतं, सीओटूही फारसा उडत नाही. पावसाळ्यात आणि थंडीत मला त्याच्याबद्दल तक्रार करावीशी वाटली नाही.

उन्हाळ्यात गणित बिघडतं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी असते. पाणी तापू नये म्हणून टँकवर छोटा पंखा लावावाच लागतो. पंख्याने तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, पण ते पाण्याची वाफ होऊनच उतरतं, त्यामुळे पातळीही झपाट्याने खाली जाते. पातळी बोटभर उतरली की हँग-ऑनचं पाणी उंचावरून पडायला लागतं. हॉलमध्ये झोपणाऱ्याला रात्रभर कुणी नळ उघडा ठेवल्यासारखं वाटतं. आवाज एक वेळ सहन होईल, पण त्या पडण्याने सीओटू निघून जातो. हिरवा असायचा तो ड्रॉप चेकर (सीओटूचं प्रमाण रंगाने दाखवणारी कुपी) निळसर दिसतो, मॉण्टे कार्लो या रोपाच्या पानांवर शेवाळ धरतं. म्हणून बबल रेट (सीओटू सोडण्याचा वेग) वाढवावा, तर पाणी भरल्यावर तोच रेट जास्त होतो आणि टेट्रा मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. रोपांना सीओटू थोडा कमी मिळाला तरी चालतं, रोज वरखाली झालेला चालत नाही. त्यातच लाईट जाऊन आली तर उतरलेल्या पातळीमुळे मोटर पाणी उचलत नाही, कोरडीच घरघरत राहते. (पाण्यात बुडालेली मोटर असलेली मॉडेल्स मिळतात, ती पुन्हा नीट सुरू होतात. हँग-ऑनच घ्यायचा असेल तर तसा बघा.)

रोज पाणी भरलं की प्रश्न सुटतो, हे खरं. पण वाफ निव्वळ पाण्याची होते, क्षार मागेच राहतात. बोअरचं पाणी ओतत राहिलात तर हार्डनेस वाढत जातो, म्हणजे भर घालायला आरओचं पाणी हवं. घरात रोज आठवणीने हे करणारं कुणी असेल तर हँग-ऑन तुम्हाला पुरेल. मला एवढ्या एका कटकटीने कॅनिस्टरकडे नेलं.

कॅनिस्टरचा आउटलेट (टँकमध्ये पाणी परत सोडणारं तोंड) पाण्याखाली ठेवता येतो. मग पातळी दोन-तीन बोटं उतरली तरी सीओटू जवळपास जिथल्या तिथे राहतो. गावाला दोन दिवस जाऊन आलो तरी रोटाला या रोपाचे शेंडे तसेच लाल असतात.

त्याचीही दुखणी आहेत. सफाई म्हणजे नळ्या सोडवणं, बादली, फरशीवर पाणी. शिवाय डबा बंद असल्याने लाईट बराच वेळ गेली तर आतला ऑक्सिजन संपून जिवाणू मरायला लागतात. अर्धा दिवस बंद राहिला असेल, तर सुरू करण्याआधी डब्यातलं पाणी ओतून द्या आणि मीडिया टँकच्याच पाण्यात खळबळून घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यात नको. मी माझा इन्व्हर्टरवर घेतला आहे. मोटर फार वीज खात नाही.

बजेट फारच ताणलं जात नसेल, तर तीन फुटी टँकला कॅनिस्टरच बरा, असं मला वाटतं. खोक्यावरचा लिटरचा आकडा मीडिया न भरता काढलेला असतो, त्यामुळे एवढ्या टँकला ताशी ८०० ते १००० लिटरचा बघा. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला एवढं विचारा की त्याच मॉडेलची ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) आणि इम्पेलर (मोटरचं फिरणारं पातं) सुटे मिळतात का. मिळत नसतील तर दुसरं मॉडेल बघा.