बीफ-बार्ली सूप: कुकर की जाड बुडाचं पातेलं?

बीफ-बार्ली सूपच्या दहा कृती वाचल्या तरी साहित्य थोड्याफार फरकाने तेच निघतं: बीफ, पर्ल बार्ली, कांदा, गाजर, सेलरी, टोमॅटो पेस्ट, थाइम, तमालपत्र. निवड करायची ती भांड्याची. एकीकडे कुकर, मग तो शिट्टीचा असो की अमेरिका-कॅनडात घरोघरी दिसणारा विजेचा. दुसरीकडे जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं पातेलं, ज्याला तिकडे डच ओव्हन म्हणतात. दोन्हींत चांगलं सूप होऊ शकतं, हे आधीच सांगून टाकतो. दर वेळी सारखं कशात होतं, यावर मात्र मत द्यायचं तर माझा कल लपणार नाही.

प्रमाण सहा जणांचं धरतो. ९०० ग्रॅम बीफ, १०० ग्रॅम म्हणजे अर्धा कप पर्ल बार्ली, दोन मध्यम कांदे, तीन गाजरं, सेलरीचे दोन दांडे, लसणाच्या चार पाकळ्या, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, २५० ग्रॅम मश्रूम. पातेल्यात दोन लिटर पाणी किंवा स्टॉक, कुकरमध्ये दीड लिटरच्या आसपास, कारण तिथे वाफ उडून जात नाही. बार्ली अर्ध्या कपाच्या वर नेऊ नका. कोरडी असताना ती मूठभर वाटते, आणि शिजल्यावर तिपटीने फुगून सूपची खिचडी करते. तमालपत्राबद्दल एवढंच की आपल्या मसाल्याच्या डब्यातलं पान वेगळ्या झाडाचं, दालचिनीच्या वळणाच्या वासाचं. तेच वापरायचं असेल तर एकच घाला, नाहीतर सूपला पुलावाचा वास येतो.

मांस कुठलं, हा प्रश्न दोन्ही भांड्यांना सारखाच लागू आहे. खांद्याचं म्हणजे चक, किंवा पायाचं म्हणजे शँक. शँक नळीसकट मिळालं तर उत्तमच, रस्सा जास्त दाट होतो. ‘स्ट्यू मीट’ म्हणून कापून ठेवलेली पाकिटं शक्यतो टाळावीत. त्यात वेगवेगळ्या भागांचे तुकडे एकत्र असतात. दीड तासात काही मऊ होतात, काही चामड्यासारखेच राहतात, आणि दोष कृतीवर येतो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तिथे हे सूप म्हशीच्या मांसाचं होतं. ते गडद असतं, चरबी कमी असते आणि जनावर वयस्क असेल तर शिजायला पाऊण-एक तास जास्त मागतं. त्या मांसाला एक मोठा चमचा तेल जास्त लागतं, बाकी रीत तीच. मटणाचं करायचं असेल तर तो थेट स्कॉच ब्रॉथच झाला. स्कॉटलंडमध्ये बार्ली आणि मटण यांची जोडी जुनी आहे.

परतण्यापासून फरक दिसायला लागतो. मांस आधी चारही बाजूंनी खरपूस करायचं, असं सगळे लिहितात. छोट्या तुकड्यांच्या बाबतीत ते जमत नाही: तुकडे पाणी सोडतात, भांड्यात गर्दी होते आणि मांस परतण्याऐवजी वाफवलं जातं, करडं पडतं. त्यापेक्षा चार सेंटिमीटर जाडीचे मोठे काप करून ते कोरड्या कापडाने टिपून घ्यावेत, मध्यम-मोठ्या आचेवर एकेका बाजूला पाच-सहा मिनिटं हात न लावता ठेवावेत, आणि मग कापून तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. रुंद पातेल्यात हे दोन घाण्यांत आटोपतं. विजेच्या कुकरचं भांडं अरुंद आणि आच बेताची, तिथे तीन-चार घाणे लागतात. तळाशी जो तपकिरी थर जमतो त्यातच सूपची निम्मी चव असते. कांदा, सेलरी आणि टोमॅटो पेस्ट त्यावरच परतावी, पेस्टचा रंग विटकरी होईपर्यंत, मग अर्धा कप पाणी घालून लाकडी उलथन्याने तळ खरवडून काढावा. पातेल्यात थोडा थर राहून गेला तरी बिघडत नाही. विजेच्या कुकरमध्ये राहिला तर पाच मिनिटांत पडद्यावर ‘बर्न’ येतं आणि यंत्र तापायचं थांबतं.

नुसत्या मांसाचा विचार केला तर कुकर सरस आहे, यात वाद नाही. चक आणि शँक या कष्टाच्या स्नायूंमध्ये कोलॅजन भरपूर असतं. ते विरघळून जिलेटिन झालं की तुकडा मऊ पडतो आणि रश्शाला ओठांना चिकटणारा जाडपणा येतो. साध्या उकळीला यासाठी अडीच तास लागतात, तर शिट्टीच्या कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत जात असल्याने पस्तीस मिनिटांत काम होतं. विजेचे कुकर थोड्या कमी दाबावर चालतात, तिथे चाळीस धरा. शिट्ट्या मोजू नका. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून मिनिटं मोजा. दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये कुकरचा पूर्वज बनवला तोच मुळी हाडं मऊ करण्यासाठी, त्यामुळे नळीच्या मांसावर याचा हात बसलेला आहे असं म्हणायला हरकत नाही. आणि डेन्व्हरसारख्या सोळाशे मीटर उंचीच्या गावात, जिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे पातेल्यापुढे तासभर जादा घालवण्यापेक्षा कुकर शहाणपणाचा.

मग अडतं कुठे? बार्लीपाशी.

पर्ल बार्ली म्हणजे कोंडा घासून काढलेला दाणा. वरचं कवच गेल्यामुळे आतला स्टार्च आणि बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतू लवकर बाहेर येतो. या सूपला जी गुळगुळीत दाटी लागते ती यातूनच मिळते. पण कुकरमध्ये हाच गुण तीन प्रकारे छळतो. एक म्हणजे फेस. उकळताना बार्लीचं पाणी फसफसतं, फेस चढून शिट्टीच्या तोंडाशी येतो, आणि शिट्टीतून चिकट पांढरं पाणी गॅसवर उडतं. म्हणूनच कुकरच्या माहितीपुस्तिकांत बार्ली असेल तर भांडं निम्म्याच्या वर भरू नका असं बजावलेलं असतं. पाच लिटरच्या कुकरला हे म्हटलं तर सोपं आहे, पण वरच्या प्रमाणात मांस, भाज्या आणि दीड लिटर पाणी घातल्यावर निम्मी रेघ केव्हाच मागे पडते. दोन चमचे तेल घातल्याने फेस थोडा दबतो, थांबत नाही.

दुसरं, बुडाला लागणं. बार्ली जड, ती तळाशी बसते. झाकण बंद असल्यामुळे ढवळता येत नाही. विजेच्या कुकरला ‘बर्न’ दाखवायला तेवढं पुरतं. शिट्टीच्या कुकरमध्ये तसा इशारा नसतो, झाकण उघडल्यावर वास येतो तोच इशारा. करपलेला थर खरवडू नये, वरचं सूप अलगद दुसऱ्या भांड्यात ओतावं, पण करपट वास तोवर रश्शात उतरलेला असतो. बार्ली शेवटी, मांसाच्या वर पसरून घालावी आणि ढवळू नये, हा उपाय सांगतात. थोडा उपयोग होतो, खात्री मात्र देता येत नाही.

तिसरं आणि मला सगळ्यात जाचणारं: दोघांची वेळ जुळत नाही. मांसाला दाबाखाली पस्तीस-चाळीस मिनिटं हवीत, पर्ल बार्लीला अठरा-वीस. एकत्र टाकलं तर मांस तयार होतं तेव्हा बार्ली फुटून लापशी झालेली असते. बार्लीच्या वेळेला उघडलं तर मांस चिवट. झाकणाआड काय चाललंय ते दिसत नाही, चमचाभर चाखून पाहता येत नाही, आणि दाबाखाली पाच मिनिटांची चूकही मोठी पडते. शिवाय दाब झटकन सोडायची सोय नाही. एकदम वाफ सोडली की आत सूप खदखदून उकळतं, चरबी रश्शात फेसाळून मिसळते, रस्सा गढूळ होतो आणि मांसाचे धागे कोरडे पडतात. दाब आपोआप उतरू द्यायचा म्हणजे आणखी वीस मिनिटं, आणि त्या वीस मिनिटांतही बार्ली शिजतच असते.

यावर मधला मार्ग आहे: मांस कुकरमध्ये, मग झाकण काढून बार्ली आणि भाज्या घालून उघड्यावर. चव छान येते. पण हिशोब मांडा. दाब यायला पंधरा-वीस मिनिटं, शिजायला पस्तीस, उतरायला वीस, त्यानंतर बार्लीची पंचेचाळीस. म्हणजे दोन तास झाले. पातेल्यात उकळी येण्यापासून वाढण्यापर्यंत पावणेतीन तास, कारण तिथे बार्ली मांसाच्या शेवटच्या पाऊण तासातच शिजून निघते. वाचले ते पंचेचाळीस मिनिटं, त्यात दोन वेळा लक्ष द्यावं लागलं. ज्यांना संध्याकाळी सहाला घरी येऊन आठला जेवायचं आहे त्यांना ही पंचेचाळीस मिनिटं महत्त्वाची असतील, नाही म्हणत नाही.

सगळं एकदमच कुकरमध्ये टाकायचा आग्रह असेल तर पर्ल सोडून अख्खी बार्ली घ्या, जिचा फक्त वरचा टरफलाचा थर काढलेला असतो आणि कोंडा शाबूत असतो. तिला दाबाखाली अर्धा तास चालतो, फेस कमी येतो, दाणा फुटत नाही. सूप मात्र पातळ राहतं, कारण स्टार्च दाण्यातच अडकतो. गाजर आणि कांद्याचे चार तुकडे रश्शात कुस्करून दाटी आणावी लागते. पूजेच्या सामानातले जव यासाठी घेऊ नका, त्यांचं टरफल निघालेलं नसतं, ते दातांत येतं.

आता पातेलं. परतण्याचं काम वर सांगितलं तसंच. मांस, दोन लिटर पाणी, एक गाजर मोठे तुकडे करून, तमालपत्र, अर्धा चमचा सुकं थाइम आणि एकच चमचा मीठ घालून उकळी आणा, वर येणारा मळकट फेस पळीने काढा, झाकण ठेवा आणि पातेलं १५० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवा. ओव्हनची उष्णता चहूबाजूंनी लागते, त्यामुळे तळ करपत नाही आणि दर दहा मिनिटांनी डोकवावं लागत नाही. ओव्हन नसेल तर सगळ्यात लहान बर्नर, पातेल्याखाली जाड तवा आणि झाकण बोटभर तिरकं. रश्शाच्या पृष्ठभागावर इकडे एक, तिकडे एक बुडबुडा फुटावा, इतकीच हालचाल. खळखळून उकळलं तर मांस आधी आवळतं आणि नंतर भुसभुशीत होतं, मऊ होत नाही.

पावणेदोन तासांनी एक तुकडा काढून काट्याने दाबून पाहा. काटा जातो पण तुकडा सुटत नाही, अशी अवस्था असली की बार्लीची वेळ झाली. तोवर चिवट असेल तर आणखी वीस मिनिटं थांबा. इथे थांबता येतं, हीच तर गोष्ट आहे. बार्ली तीन पाण्यांत धुवा, पाणी दुधाळ यायचं थांबेपर्यंत, मग चमचाभर बटरवर चार-पाच मिनिटं परता. दाण्यांना खमंग वास येतो आणि ते एकमेकांना कमी चिकटतात. मश्रूम वेगळ्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परतून घ्या. कच्चे घातले तर रस्सा पातळ करतात. बार्ली, मश्रूम आणि उरलेली दोन गाजरं बारीक चिरून एकत्र घाला आणि पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं ठेवा. मध्ये दोनदा तळापासून ढवळा. दाणा चावताना मऊ लागून मध्ये किंचित प्रतिकार उरला की बंद करा, कारण गरम रश्शात तो पुढेही फुगत राहतो.

मिठाचा अंदाज शेवटी. बार्ली बरंच मीठ शोषते, त्यामुळे अर्ध्यावर चाखून बरोबर वाटलेलं सूप वाढताना अळणी लागतं. साधारण आणखी एक चमचा लागेल. स्टॉक तयार पाकिटातला असेल तर अर्धाच. आंबटपणाही हवाच, नाहीतर सूप जड वाटतं. एक मोठा चमचा वुस्टरशायर सॉस घालतात. त्यात चिंच असतेच, तेव्हा घरी तो नसेल तर पाव चमचा चिंचेचा कोळ पुरतो. मिरी वाढताना, जाडसर कुटून.

दुसऱ्या दिवशी दोन्ही भांड्यांतलं सूप सारखंच आळतं, इथे पातेल्याची बाजू घेता येत नाही. बार्ली रात्रभरात रस्सा पिऊन टाकते. गरम करताना दर वाडगाभर सुपाला अर्धा कप उकळतं पाणी घाला आणि मीठ पुन्हा पाहा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं, दोन तासांच्या आत पसरट भांड्यात ओतून थंड केलं तर. फ्रीझरसाठी मोठा घाणा करायचा असेल तर बार्ली घालण्याआधीच मांस आणि रस्सा बाजूला काढून गोठवा, वर साचलेली चरबी चमच्याने उचला, आणि ज्या दिवशी खायचं त्या दिवशी ताजी बार्ली घालून पाऊण तास शिजवा. या मांस-रश्शाच्या साठ्यासाठी मात्र कुकर बिनधास्त वापरा. बार्ली नसली की त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.