दक्षिण बर्गंडीचे सायकलमार्ग : जुन्या रेल्वेची सपाटी आणि शेजारचे चढ

फ्रान्सचा ग्रामीण भाग सायकलवरून पाहण्याचे ठरवले की बहुतेक जण एकतर लुआर नदीकाठचा सपाट मार्ग निवडतात, नाहीतर आल्प्समधल्या उंच खिंडी. पहिल्या मार्गावर दम लागत नाही आणि दुसऱ्यावर दम लागण्याखेरीज दुसरे काही लक्षात राहत नाही. या दोन्हींच्या मधले काही हवे असेल, तर सोन नदी आणि शारोले गुरांची कुरणे यांच्या दरम्यान पसरलेला दक्षिण बर्गंडीचा टापू अवश्य विचारात घ्यावा. शालों-स्यूर-सोन ते माकों या पट्ट्यात जून महिन्यात पाच दिवस रोडबाइकवर फिरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ज्या हरित मार्गासाठी हा भाग ओळखला जातो तो उत्तम आहे. मात्र रोडबाइक घेऊन आलेल्या माणसाने त्याला घराच्या ओसरीसारखे वापरावे, तेथेच मुक्काम ठोकू नये.

हा हरित मार्ग, म्हणजे फ्रेंचांची ‘व्हुवा व्हेर्त’, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर बांधलेला आहे. जिव्री ते क्लूनी हा ४४ किलोमीटरचा पहिला टप्पा १९९७ मध्ये खुला झाला आणि देशातला अशा प्रकारचा पहिला मार्ग म्हणून त्याचा उल्लेख होतो. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ सोसत नसल्यामुळे त्याचा उतारही नावापुरताच आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असून अरुंद टायरलाही तो अजिबात त्रास देत नाही, दिशाफलक चोख आहेत आणि मोटारींना मज्जाव आहे. वाटेत ब्युसी लागते (नाव Buxy असे लिहितात, पण त्यातला ‘क्स’ स्थानिक लोक ‘स’ म्हणून उच्चारतात, हे मला पत्ता विचारताना दोनदा दुरुस्त केले गेल्यावर कळले), त्यानंतर सें-जांगू-ल-नास्योनाल लागते, जे राजेशाहीच्या काळात ‘ल-र्‍वायाल’ म्हणजे ‘राजाचे’ होते आणि पुढे ‘राष्ट्राचे’ झाले. जुन्या स्थानकांच्या इमारती अजून उभ्या आहेत आणि फलाटाच्या कडेला बसून डबा खाण्याची मजा काही वेगळीच आहे.

असे असले तरी दुसऱ्याच दिवशी मला या मार्गाचा कंटाळा आला. प्रत्येक गाडीरस्ता ओलांडताना मोटारींना अडवण्यासाठी आडवे दांडे लावलेले आहेत, त्यामुळे वेग पकडावा तोच ब्रेक दाबावा लागतो. रविवारी लहान मुले, कुत्री, चाकांचे बूट घातलेली तरुण मंडळी आणि हातात हात घालून चालणारी वृद्ध जोडपी यांच्यातून वाट काढत जावे लागते; मार्ग त्यांचाही आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. खरी अडचण दृश्याची आहे. रेल्वे जिथे डोंगर कापून गेली तिथे दोन्ही बाजूंना मातीची भिंत आणि झाडी उभी राहते, आणि ज्या द्राक्षमळ्यांसाठी आपण इतक्या दूर आलो ते मळे झाडीच्या पलीकडे लपून राहतात. कुटुंबासह किंवा सामानाच्या पिशव्या लादून प्रवास करणाऱ्यांसाठी याहून सोयीचा मार्ग मी पाहिलेला नाही. रोडबाइकवाल्याने मात्र तासाभरानंतर शेजारच्या रस्त्यांकडे वळावे.

ते रस्ते शोधायचे कसे, हे कागदी नकाशा चांगले सांगतो. मिशलँ कंपनीच्या नकाशावर मुख्य रस्ते लाल आणि पिवळे असतात, अगदी दुय्यम रस्ते पांढरे असतात आणि निसर्गरम्य रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ काढलेली असते. पांढऱ्या रस्त्याला हिरवी कड दिसली की डोळे झाकून वळावे, असा नियम मी पाचही दिवस पाळला आणि तो एकदाही फसला नाही. जमिनीवर या रस्त्यांची खूण म्हणजे पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड. ते जिल्हा पातळीच्या, म्हणजे ‘डी’ क्रमांकाच्या रस्त्यांवर असतात, तर राष्ट्रीय मार्गांवरच्या दगडांचे डोके लाल असते.

एकच रस्ता निवडायचा असेल तर मी तुर्न्यूहून कोर्मातेंकडे जाणारा डी-१४ निवडेन. तुर्न्यूमध्ये सें-फिलिबेर मठाचे जाडजूड खांब पाहून निघालो की गाव संपते तसा चढ सुरू होतो आणि सोन नदीचे सपाट खोरे पाठीमागे पसरत जाते. ओझने हे पिवळसर चुनखडीच्या घरांचे गाव ओलांडल्यावर रस्ता कुरणे, राने आणि मळे यांच्यातून वळणे घेत ब्रांस्योंच्या खिंडीकडे चढतो. चढ असा की गिअर बदलावा लागतो, पण बोलणे थांबत नाही. खिंडीपासून जवळच टेकडीवर ब्रांस्योंचा मध्ययुगीन किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी बिलगलेले इवलेसे गाव आहे. तेथे मोटारींना प्रवेश नाही, आणि रोडबाइकच्या बुटांनी दगडी फरसबंदीवर चालणे ही वेगळीच कसरत आहे. खिंडीनंतरचा उतार थेट शापेझकडे नेतो. सें-मार्तें चर्चचा अकराव्या शतकातला मनोरा दूरवरूनच शेतांवर उभा दिसतो, आणि सायकलवरून येताना तो हळूहळू मोठा होत जातो, हे सुख मोटारीतल्या प्रवाशाला मिळत नाही. कोर्मातेंला सतराव्या शतकातला खंदकाचा प्रासाद आहे आणि तेथेच हरित मार्ग पुन्हा येऊन मिळतो. सबंध दुपारी या रस्त्यावर मला भेटलेल्या मोटारी दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

कोर्मातेंहून क्लूनीला जाताना ग्रोन नदीची सोबत असते आणि कडेच्या टेकडीवर तेझे हे गाव दिसते, जिथे १९४० मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्ती बंधुसंघाकडे जगभरातून तरुण येतात. क्लूनीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण मुक्कामासाठी हेच गाव सर्वांत योग्य आहे. इ. स. ९१० मध्ये स्थापन झालेल्या येथील मठाचे तिसरे चर्च रोममधले सेंट पीटर नव्याने बांधले जाईपर्यंत ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे चर्च होते. क्रांतीनंतर ते विकले गेले आणि दगडाची खाण समजून पाडले गेले. आज दक्षिण बाजूचा एक भाग आणि त्यावरचा मनोरा एवढेच उभे आहे. उरलेल्या तुकड्यावरून मूळ आकाराचा अंदाज बांधताना मान दुखते.

क्लूनीच्या दक्षिणेला हरित मार्ग ब्वा क्लेरच्या बोगद्यात शिरतो. सुमारे १.६ किलोमीटर लांबीच्या या जुन्या रेल्वे बोगद्यात भर जूनमध्येही अंगावर काटा येईल इतका गारवा असतो, म्हणून पाठीच्या खिशात पातळ जाकीट आणि सायकलला पुढचा दिवा हवाच. हिवाळ्यात वटवाघळांच्या शीतनिद्रेसाठी बोगदा बंद ठेवतात आणि सायकलस्वारांना वरच्या खिंडीतून जावे लागते. मी एकदा बोगद्यातून आणि एकदा खिंडीतून गेलो. वटवाघळांचे आभार मानावेत इतकी खिंड चांगली आहे.

खरी परीक्षा मात्र याच्या नैर्ऋत्येस आहे. कवी लामार्तीन जिथे राहिला आणि जिथे त्याचे दफन झाले त्या सें-प्वेंवरून त्रामायकडे गेले की मेर-ब्वातिये हा ७५८ मीटरचा उंचवटा समोर येतो, आणि शेवटचा टप्पा चांगलाच खडा आहे. येथे माझी फजिती झाली, आणि तिचे कारण भाड्याची सायकल. दिवसाला ४५ युरो घेणाऱ्या दुकानाने ‘डोंगराळ भागासाठी योग्य’ म्हणून दिलेल्या सायकलला पुढे ५२-३६ आणि मागे ११-२८ दात्यांची चक्रे होती, जी चढाला जड पडतात आणि शर्यतीच्या पायांनाच शोभतात. आरक्षणाच्या वेळी मी चढाला हलकी पडणारी, पुढे ५०-३४ आणि मागे निदान ३२ दात्यांची चक्रे मागितली होती व होकारही मिळाला होता. सायकल ताब्यात घेताना मी दाते मोजले नाहीत, हा माझा दोष. शेवटचे काहीशे मीटर मी सायकल ढकलत गेलो. माथ्यावरून दिसणाऱ्या डोंगररांगांनी राग बराचसा शमवला, सगळा नाही.

तेथून पूर्वेकडे उतरले की सोल्युत्रेचा ४९३ मीटर उंचीचा कडा आणि पुयी-फ्युइसे या वाइनचे द्राक्षमळे येतात. मळ्यांमधले रस्ते अरुंद आणि अवघड वळणांचे आहेत, ट्रॅक्टर कोणत्याही ओळीतून बाहेर येतो. पण चित्रातल्यासारखा देखावा हवा असेल तर तो येथेच आहे.

खाण्यापिण्याच्या बाबतीत हा भाग बेसावध माणसाला क्षमा करत नाही. बारा ते दोन दुकाने बंद, रविवारी दुपारनंतर बंद, आणि सोमवारी तर गावेच्या गावे दार लावून बसतात. एका सोमवारी तीन गावांत बेकरी बंद मिळाल्यावर खिशातल्या अर्ध्या केळ्यावर मी पंचवीस किलोमीटर काढले. पाण्यासाठी मात्र एक खात्रीचा उपाय आहे: गावाच्या कडेची दफनभूमी. फुलांना पाणी घालण्यासाठी तेथे नळ असतो. ‘नों पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी नसेल तर बाटली भरून घ्यावी.

रस्त्यावरच्या वागणुकीला मी पैकीच्या पैकी गुण देईन. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवण्याचा कायदा आहे आणि बहुतेक चालक तो पाळतात. अनेक जण वळण संपेपर्यंत शांतपणे मागे थांबले. त्या बदल्यात आपणही उजवीकडून येणाऱ्याला अग्रक्रम देण्याचा नियम विसरता कामा नये, कारण पाटी नसलेल्या चौकात गल्लीतून येणारी जुनाट गाडीदेखील हक्काने पुढे घुसते. ‘ग्राव्हियों’ (बारीक खडी) अशी पाटी दिसली तर मात्र मोटारीपेक्षा रस्त्याची भीती बाळगावी: उन्हाळ्यात डांबरावर बारीक खडी पसरून ती वाहनांच्या चाकांनीच दाबली जाऊ देतात, आणि उताराच्या वळणावर ती खडी म्हणजे गोट्यांवरून जाणेच.

मुक्कामासाठी ‘आक्योय व्हेलो’ (सायकलस्वारांचे स्वागत) हे चिन्ह असलेली ठिकाणे पाहावीत. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आतल्या या ठिकाणांवर सायकलसाठी कुलूपबंद जागा आणि दुरुस्तीची हत्यारे मिळतात. ये-जा करायला प्रादेशिक गाड्या सोयीच्या असून सायकल आहे तशी डब्यात चढवता येते. फक्त परतीचे तिकीट काढताना स्थानकाचे नाव नीट वाचावे: प्रादेशिक गाड्या शहरातल्या माकों-व्हील स्थानकावर थांबतात, तर अतिवेगवान गाड्या माकों-लोशेला, आणि ते शहराबाहेर द्राक्षमळ्यांच्या बाजूला आहे. मी चुकीच्या स्थानकावर पोहोचलो होतो. सुदैवाने सायकल हाताशी होती आणि गाडीला तासभर अवकाश होता.